खालची जाळी

बिरकत अल मौझची चौकी ओलांडली
की गाडी पहिल्या गियरवर कण्हत चढते.
मागे भट्टी, दोरांनी आवळलेली,
आणि तिला मिठी मारून बसलेला टेकबहादूर,
जणू कुणाची माहेरवाशीण पोचवायला निघालाय.

वर सैकला जानेवारीत बादलीतलं पाणी गोठतं.
मस्कतमध्ये सांगितलं तर हसतात.
बारा वर्षं मी या मुलखात थंडी विकली,
स्प्लिट, विंडो, डक्ट, चिलर,
आणि हा नासिर अल रियामी म्हणतो,
उस्ताद, आईच्या घराला ऊब बसवून दे.

ऊब बसवायची तर आधी भिंत फोडावी लागते.
भट्टी भिंतीपासून हातभर दूर, खाली फरशी.
तेलाची टाकी बाहेर, डाळिंबांच्या बांधाला,
नळीवर तो छोटा व्हॉल्व्ह
जो आग दिसली की आधी स्वतः जातो, मग तेल तोडतो.
धुराची नळी सारखी चढती हवी;
कुठे तिचं पोट सुटलं तर धूर तिथेच बसून
परत फिरायचा विचार करतो.
धुराडं छपराच्या वर, डोक्यावर टोपी.
आणि भिंतीला दोन जाळ्या,
एक आढ्यापाशी, एक पावलांपाशी.
आगीलाही नाक लागतं.

दुसऱ्या दिवशी आलो तर खालच्या जाळीत
कोंबलेलं फडकं.
नासिरची आई, झुवैना, भिंतीला टेकून:
इथून वारा येतो. माझ्या घोट्यांना चावतो.
मी फडकं काढलं.
चहा पिऊन आलो, फडकं जागेवर.

माझं अरबी पाना-पक्कडीपुरतं.
नासिरला म्हटलं, सांग तिला, धूर कोंडेल.
ती हसली. दात तीनच, पण हसू पूर्ण.
म्हणाली, चाळीस वसंत मी गुलाबपाण्याच्या भट्टीपुढे बसले,
धुराने माझे डोळे धुतलेत,
हा पोरगा मला धूर शिकवतो?

काय सांगू, की हा धूर तो नव्हे.
याला वास नाही, रंग नाही,
हा डोळ्यांना पाणी आणत नाही,
फक्त झोप आणतो.

कुवेतला, जहराच्या कॅम्पात,
पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघे होतो.
शेगडी सादिकने आणली होती.
खिडकीच्या फटीला टेप मी लावली,
नीट, दोन पदरी, हात साफ आहे माझा,
आणि नाइट ड्युटीला गेलो.

नासिरला हे सांगितलं नाही.

कोनाड्यात तिचा लोबानाचा मजमर होता, मातीचा.
तोच मागितला.
खडा टाकला, भट्टी पेटवली,
मजमर धरला नळीवरच्या झडपेपाशी.
जाळी उघडी: लोबानाचा धागा सरळ आत ओढला गेला,
सुईत दोरा जावा तसा.
मग दारं लावली, वरची जाळी हाताने झाकली,
आणि तिचंच फडकं तिच्याच हाताने खाली कोंबायला लावलं.
धागा थबकला.
लोंबला.
मग वळून आमच्याकडे यायला लागला, सावकाश,
ओळखीच्या माणसासारखा.

मी दार ढकललं, भट्टी बंद केली.
ती बराच वेळ बोलली नाही.
खाली वाकली, गुडघा धरून,
फडकं उपसलं, झटकलं, खांद्यावर टाकलं.
नासिरने तर्जुमा केला नाही, तरी कळलं:
म्हणजे याला यायचं असतं.

मग भट्टी परत चालू केली.
पांढऱ्या कागदावर काजळीचा ठिपका घेतला,
जवळजवळ कोराच उतरला.
तिच्या पलंगाजवळ, उशीच्या उंचीवर, अलार्म लावला.
बटण दाबून ओरडून दाखवला;
शेळ्या पळाल्या, टेकबहादूर खो खो हसला.

उतरताना निझवाच्या बाजारात थांबलो.
बिल नासिरला पाठवलं: नळी, बर्नर, टाकी,
दोन जाळ्या, मजुरी.
त्यात लिहिले नाहीत
लोकरीचे मोजे, एक जोड,
घोट्यांच्या वर येतील असे.